घणाची हाक

वेळूखेडच्या ओढ्याकाठी सोनगिरी महाराज राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. मठात सकाळी पोथी, संध्याकाळी भजन; आणि दोन्ही वेळा दाराशी बसलेली ठकू लोहारीण. पोथी तिला कळत नसे, भजन येत नसे. येत होती ती एकच भाषा, ऐरणीची. भात्याच्या नि घणाच्या गोंगाटात तोंडाने बोलून ऐकू कुणाला जाणार? म्हणून ठकू घणाचा एक ठोका ऐरणीवर देई, म्हणजे 'मी तयार.' समोरून मालकाच्या, म्हणजे नवऱ्याच्या, हातोडीचे दोन ठोके येत, म्हणजे 'ये.' मग हातोडी तापल्या लोखंडावर जिथे टेके, तिथे घण पडे. हातोडी ऐरणीवर आडवी वाजली की 'पुरे.' असा दोघांचा संसार झाला. भांडणंसुद्धा ऐरणीवरच!

मालक गेला. ठकू आता रोज मठाच्या पायरीवर दगडाने एक ठोका देई आणि कान लावून बसे. दोन कधी आलेच नाहीत.

मठाचे कारभारी त्र्यंबकशास्त्री करवादत, "ठके, देवाचं दार आहे हे! त्याला तुझी ठकठक कळते होय?"

"कळत नसंल," ठकू म्हणे, "कळली असती तर एवढी वाट कशापाई बघाय लावली असती?"

महाराज नुसते हसत.

उत्सवाच्या सकाळी रथ वेशीत आला आणि चाक आसावर धरणारी खीळ मोडली. शास्त्रीबुवा भट्टीवर आले. "आरतीच्या आत खीळ दे. नाही जमलं, तर भट्टीची जागा गावाची आहे, दुसरा लोहार बसवतो."

भट्टी गेली म्हणजे मालकाचं उरलंसुरलं गेलं. ठकूने भाता ओढला, लोखंडाला ताव आणला, सांडशीने ऐरणीवर ठेवलं. पण घणाला दोन्ही हात लागतात. सांडशी धरायची कुणी? डोळे भरून आले. जुन्या सवयीने तिने घण ऐरणीला टेकवला. एक ठोका.

समोरून दोन आले!

समोर तर कुणीच नव्हतं. तरी सांडशी घट्ट उभी होती, लोखंड वेळेवर कूस बदलत होतं, आणि हातोडीचा नाद होई तिथे ठकूचा घण पडत होता. खीळ घडली. हातोडी आडवी वाजली: पुरे. ठकूला कळलं हो, पण थांबलं की आवाज जाणार! तिने मुद्दाम एक घाव जास्त घातला. तशी हातोडी रागाने खणकन वाजली, मालक रागवायचा अगदी तशी. ठकू हसली, आणि हसता हसता ढसाढसा रडली.

खिळीला पाणी पाजून ती वळली, तर दारात शास्त्रीबुवा. चेहरा पांढराफटक.

"मी मठात परतून पोथी वाचत होतो," ते पुटपुटले, "महाराज डोळे मिटून मांडीवर बोटं आपटत होते. मला वाटलं, लक्ष नाही. उठून इकडे आलो, तर इथेही तोच ठेका! आणि सांडशीला हात कुणाचाच नाही."

रथ मठाशी पोचला. ठकू महाराजांपुढे बसली. "म्हाराज, तुमी हुता का ते हुते?"

"तुला कोण ऐकू आलं, माय?"

"आमचं ह्येच."

"मग मला काय विचारतेस?" महाराज म्हणाले. "मीसुद्धा रोज हाक घालतो, बाई. मला अजून दोन आले नाहीत."

आणि शास्त्रीबुवांनी, सगळ्या गावादेखत, ठकूच्या काजळी भरल्या पावलांवर डोकं ठेवलं. कपाळाच्या गंधात काजळी मिसळली. ती पुसायचं त्यांना सुचलं नाही.