चुरमुरा सुटेना

आटपाट इमारत होती. इमारतीत एक घर होतं. घरात नाना होते, आत्या होती, पाळण्यात बाळ होतं. सोफ्यावर मनीमांजर होती.

आणि खिडकीखालच्या फटीत होती एक मुंगी. एवढीश्शी! तिचं नाव तुरतुरी.

तुरतुरीला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. तुरुतुरु इकडे. तुरुतुरु तिकडे.

एकदा आत्याने भेळ कालवली. एक चुरमुरा खाली पडला. टुप्!

तुरतुरीने चुरमुरा डोक्यावर घेतला. केवढा मोठ्ठा! "माझी पिल्लं भुकेली. आज त्यांची मज्जा!"

वाटेत होती ट्रेडमिल. ट्रेडमिल म्हणजे नानांचं चालायचं यंत्र. पट्टा पळतो मागे, नाना चालतात पुढे, आणि नाना तिथल्या तिथेच!

तुरतुरी कडेकडेने निघाली. चुरमुरा डुगडुगला. घरंगळला. पट्ट्याच्या कडेला फट होती, त्या फटीत जाऊन बसला.

तुरतुरीने ओढला. चुरमुरा सुटेना. हिसडला. चुरमुरा सुटेना. पट्टाच वाकडा झाला होता. एका बाजूला सरकला होता. फटीला अगदी चेपून बसला होता.

तिकडे पिल्लं ओरडली, "आई गं, भूक! आई गं, भूक!"

तुरतुरी पट्ट्याला म्हणाली,
"पट्टेदादा, पट्टेदादा, सरक ना!
चुरमुरा सुटेना.
पिल्लं भुकेली, मी काय करू?"

पट्टा म्हणाला, "खर्रर्र! मी सुकलोय. हललो की खरवडतो. मी नाही सरकत. आधी तेल शिरू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु! थांबायला वेळ कुठे!

खिडकीत होती तेलाची बाटली.

"तेलबाई, तेलबाई, शिर ना!
पट्टा सरकेना,
चुरमुरा सुटेना.
पिल्लं भुकेली, मी काय करू?"

तेलबाई म्हणाली, "बुडुक बुडुक! पट्टा आहे घट्ट. त्याच्याखाली जाऊ कशी? मी नाही शिरत. आधी स्क्रू फिरू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु! थांबायला वेळ कुठे!

ट्रेडमिलच्या मागच्या टोकाला होता स्क्रू. गोल गोल डोक्याचा.

"स्क्रूभाऊ, स्क्रूभाऊ, फिर ना!
तेल शिरेना,
पट्टा सरकेना,
चुरमुरा सुटेना.
पिल्लं भुकेली, मी काय करू?"

स्क्रू म्हणाला, "हं! माझा मी कसा फिरू? मी नाही फिरत. आधी चावी येऊ दे."

तुरुतुरु, तुरुतुरु! थांबायला वेळ कुठे!

कपाटाच्या खणात होती स्क्रू फिरवायची चावी. वाकडी, आजोबांच्या काठीसारखी. खणात अंधार. तुरतुरी घाबरली. पण गेली.

"चावीताई, चावीताई, ये ना!
स्क्रू फिरेना,
तेल शिरेना,
पट्टा सरकेना,
चुरमुरा सुटेना.
पिल्लं भुकेली, मी काय करू?"

चावी म्हणाली, "खुळुक! मला का पाय आहेत? मी नाही येत. आधी नाना थांबू देत."

नाना खरंच थांबत नव्हते. हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. चपला वाजत होत्या, फट् फट्, फट् फट्! तुरतुरी मागे धावली. नाना वळले. तुरतुरी वळली. शेवटी ती टीपॉयवर चढली आणि ओरडली,

"नाना, नाना, थांबा ना!
चावी येईना,
स्क्रू फिरेना,
तेल शिरेना,
पट्टा सरकेना,
चुरमुरा सुटेना.
पिल्लं भुकेली, मी काय करू?"

नाना म्हणाले, "थांबून काय करू गं मुंगे? रोज चालायची सवय. पट्टा झाला वाकडा, पायांना चैन नाही. दुरुस्त करीन म्हटलं, तर चष्मा सापडत नाही. स्क्रू दिसेल कसा? मी नाही थांबत. आधी चष्मा निघू दे." आणि पुन्हा निघाले. फट् फट्, फट् फट्!

तुरुतुरु, तुरुतुरु! थांबायला वेळ कुठे!

टीपॉयवर चष्मा नाही. टीव्हीपाशी चष्मा नाही. सोफ्यावर मनी झोपली होती. तिच्या पोटाखालून काय डोकावत होतं? चष्म्याची काडी!

"चष्मेराव, चष्मेराव, निघा ना!
नाना थांबेनात,
चावी येईना,
स्क्रू फिरेना,
तेल शिरेना,
पट्टा सरकेना,
चुरमुरा सुटेना.
पिल्लं भुकेली, मी काय करू?"

चष्मा म्हणाला, "अगं, दबलोय मी! नाकात केस जातायत. मी नाही निघत. आधी मनी उठू दे."

तुरतुरी मनीच्या कानाशी गेली. कान हलला, फर्र! तुरतुरी पडता पडता वाचली.

"मनीमावशी, मनीमावशी, ऊठ ना!
चष्मा निघेना,
नाना थांबेनात,
चावी येईना,
स्क्रू फिरेना,
तेल शिरेना,
पट्टा सरकेना,
चुरमुरा सुटेना.
पिल्लं भुकेली, मी काय करू?"

मनीने एक डोळा उघडला. "गुर्रर्र! कसा मऊ मऊ सोफा! मी नाही उठत. आधी दुधाची बशी वाजू दे." आणि डोळा मिटला.

तुरुतुरु, तुरुतुरु! थांबायला वेळ कुठे!

आत्या स्वयंपाकघरात होती. हातात बशी होती, बशीत दूध होतं.

"आत्या, आत्या, बशी वाजव ना!
मनी उठेना,
चष्मा निघेना,
नाना थांबेनात,
चावी येईना,
स्क्रू फिरेना,
तेल शिरेना,
पट्टा सरकेना,
चुरमुरा सुटेना.
पिल्लं भुकेली, मी काय करू?"

आत्याने ओठावर बोट ठेवलं. "शूऽऽ! हळू बोल गं बाई. बाळ आत्ता कुठे झोपलंय. बशी वाजली तर दचकेल, रडेल. मी नाही वाजवत. आधी बाळ जागं होऊ दे."

तुरुतुरु, तुरुतुरु... आता पाय दुखायला लागले. तिकडून पिल्लांचा आवाज आला. अगदी बारीक. "आई... भूक..."

तुरतुरी धावली. पाळण्याच्या दोरीवर चढली. पाळण्यात उतरली.

"बाळा, बाळा, ऊठ ना!
आत्या वाजवेना,
मनी उठेना,
चष्मा निघेना,
नाना थांबेनात,
चावी येईना,
स्क्रू फिरेना,
तेल शिरेना,
पट्टा सरकेना,
चुरमुरा सुटेना.
पिल्लं भुकेली, मी काय करू?"

पण बाळ झोपलेलंच!

आता काय करायचं? चावायचं? तुरतुरीने बाळाचं पाऊल बघितलं. गुलाबी, इवलंसं. "छे! चावायचं नाही."

ती तळपायावर चढली. तुरुतुरु वर. तुरुतुरु खाली. तुरुतुरु अंगठ्याभोवती.

अंगठा हलला. करंगळी हलली. बाळ झोपेतच हसलं, खुदुक्! मग डोळे उघडले. खुदुखुदु, खुदुखुदु!

बाळ जागं झालं!

आत्या धावत आली. "उठलं का माझं सोनं! आणि हसतंय!" तिने बाळाला कडेवर घेतलं आणि बशी वाजवली. टण् टण् टण्!

मनी उठली. शेपटी ताठ करून दुधाकडे पळाली.

चष्मा निघाला. नानांनी बघितला. "अरेच्चा! इथे होता होय?" पुसला, नाकावर ठेवला.

नाना थांबले. खण उघडला.

चावी आली. नानांनी आधी ट्रेडमिलचा प्लग काढला. मग मांडी घालून खाली बसले.

स्क्रू फिरला. कुईं कुईं! पट्टा सैल झाला. नानांनी तो हळूच उचलून धरला.

तेल शिरलं. थेंब थेंब, पट्ट्याच्या खाली. नानांनी स्क्रू पुन्हा आवळला. प्लग लावला.

"बाळाला लांब धर गं!" नाना म्हणाले.

"धरलंय, नाना," आत्या म्हणाली.

पट्टा निघाला. हळू. अगदी हळू. आता खर्रर्र नाही, आता नुसतं सुर्रर्र! पण अजून वाकडाच. नानांनी स्क्रू जरासा फिरवला. इकडून बघितलं. अजून जरासा फिरवला.

तुरतुरी फटीपाशी उभी होती. तिने श्वास रोखला. चुरमुरा हलला. डुगडुगला. आत गेला तर? भुगा! सगळा भुगा!

"आत जाऊ नको रे! इकडे ये! इकडे!"

पट्टा सरकला. थोडासा. अजून थोडा. आला बरोबर मध्ये!

आणि फटीतून चुरमुरा सुटला. टुण्णकन उडाला! जमिनीवर आला. आख्खाच्या आख्खा!

तुरतुरीने तो डोक्यावर घेतला. "नाना, जाते हं!"

"जा बाई, जा. पिल्लं वाट बघतायत," नाना म्हणाले आणि पट्ट्यावर चढले. चालायला लागले. बाळाने आत्याच्या कडेवरून टाळ्या वाजवल्या.

तुरतुरी खिडकीखालच्या फटीत शिरली. पिल्लं धावत आली. कुणी इकडून चावलं, कुणी तिकडून चावलं. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम! सगळ्यात धाकट्याच्या वाटणीला शेवटचा कण आला. त्याने तो आईच्या तोंडात घातला. तुरतुरीने खाल्ला. गोड लागला.

पोटं भरली. पिल्लं आईला बिलगून झोपली. आणि तुरतुरी? आज पहिल्यांदा ती एका जागी बसली.

चुरमुरा गेला पोटात,
गोष्ट मावली ओठात!