चार लिंबं

आमच्या दवाखान्यातल्या नर्स इंदूताई गवाणकर. बारा वर्षं एकच लाल गाडी चालवली आणि लेकीसारखी जपली. गुडघे बोलायला लागले, तेव्हा मन घट्ट करून त्यांनी ती विकायला काढली.

बघायला आले तालुक्याचे सभापती दाजीसाहेब खानविलकर, सोबत त्यांचा मेकॅनिक. दाजीसाहेबांनी आल्या आल्या पुढच्या चाकावर लाथ हाणली.

"ताई, हे भंगार आहे. ओळखीतल्या तुम्ही, म्हणून निम्म्या किमतीत उचलतो. दुसरं कुणी ढुंकूनही बघणार नाही."

इंदूताईंचं डोकं तापलं. पण दाजीसाहेब सारखे घड्याळ बघत होते, ते त्यांनी हेरलं होतं. मग त्यांनी सहज दाजीसाहेबांच्या जीपमध्ये डोकावलं. मागच्या सीटवर झेंडूचा हार, नारळ आणि चाकांखाली ठेवायला चार लिंबं!

"मुहूर्त कितीचा, दाजीसाहेब?"

"बारा दहाच्या आतला," ते बोलून गेले.

"मग घाई कशाला करता? संध्याकाळी या की. भंगार उचलायला मुहूर्त लागत नाही, आणि त्याला हारही कुणी घालत नाही."

मेकॅनिकने हसू लपवायला बॉनेटखाली डोकं घातलं. बाराचा भोंगा वाजला, तसे दाजीसाहेब घाईघाईने म्हणाले, "बरं बाई, तुम्ही सांगाल ती किंमत. किल्ली द्या."

"देते. फक्त ज्या चाकाला लाथ मारलीत, त्याच्याखाली लिंबू तुमच्या हाताने ठेवा."

अख्ख्या तालुक्यात कुणापुढे न वाकलेले दाजीसाहेब त्या चाकापुढे वाकले.