सरांसाठी नेलेली उशी

बार्शीच्या एका मंगल कार्यालयात तन्मय सरांचं व्याख्यान रंगात आलं होतं. इंटरनेटवर जाहिराती करून घरबसल्या श्रीमंत कसं व्हायचं, हे सर सणसणीत फी घेऊन शिकवत.

"मी गाढ झोपलेलो असतो, तरी माझ्या खात्यात पैसे पडत असतात!" सर छातीठोकपणे म्हणाले. "आहे कुणाला शंका?"

शेवटच्या रांगेतून इंदुमती घोलप उठली. पिशवीतली उशी काढून तिने थेट सरांच्या पायाशी ठेवली.

"मग झोपा, सर. आम्हा सगळ्यांची फी परत देता येईल एवढे पैसे पडले, की उठा. तोवर इथे कुणी चकार शब्द काढणार नाही."

सर गडबडले. "अहो ताई, मी झोपलो तर नव्या लोकांची फी कोण घेणार?"

आधी एक जण हसला, मग अख्खं सभागृह.

इंदुमती तेवढी हसली नाही. उशी तिच्या नवऱ्याची होती. सरांच्या नादी लागून त्याने सायकलचं चालतं दुकान बंद केलं होतं, आणि तेव्हापासून तो मोबाईलसमोरून हलला नव्हता.

घरी येऊन तिने उशी त्याच्याजवळ ठेवली. "अहो, जरा तरी पडा."

मान वर न करता तो म्हणाला, "थांब गं. पैसे येतीलच आता."