छेदात दडलेला तीन

एका राज्यात वक्रनख नावाचा मांत्रिक होता. त्याने राणी उल्कावतीच्या लेकीची, शलाकेची, मैना केली आणि शापित खजिन्याच्या तीन दारांमागे कोंडली. प्रत्येक दारावर एक अपूर्णांक कोरलेला. वर अंश, खाली छेद. त्याचे अतिसंक्षिप्त रूप सांगावे तर दार उघडे, चुकावे तर अंगाला पिसे फुटत. दरबारचे सगळे पंडित बगळे होऊन अंगणात उभे होते.

पहिल्या दारावर, वर क्ष अधिक सहा, खाली सहा.

"सहाला सहा काटा, राणीसाहेब," राजपंडित बगळा म्हणाला. "आपल्या राज्याची रीतच आहे. सारखे दिसले की काटायचे."

"त्या रीतीपायीच बेडूक गिळताय ना, शास्त्रीबुवा? आत माझं लेकरू आहे, आणि तुम्हांला अजून काटाकाटच सुचते!"

बोलली खरी, पण आपलेच चुकले तर? राणीने पदर खोचला. "वरचा सहा क्षला बेरजेने चिकटलाय. तो सगळ्या अंशाचा अवयव नव्हे. काहीच काटायचं नाही. आहे तेच अतिसंक्षिप्त."

दार उघडले.

दुसऱ्यावर, वर सहा क्ष अधिक बारा, खाली सहा.

"आता तरी..." बगळा पुटपुटला.

"आता काटते, पण आधी अवयव पाडून. सहा गुणिले कंसात क्ष अधिक दोन. सहा सगळ्या कंसाला गुणतो, म्हणून जातो. उरले क्ष अधिक दोन."

तेही उघडले.

तिसऱ्या उंबऱ्यावर खुद्द मांत्रिक उभा. दारावर, वर क्ष वर्ग उणे नऊ, खाली क्ष उणे तीन.

राणीने अंशाचे अवयव पाडले, क्ष उणे तीन काटले. "क्ष अधिक तीन!"

दार हलले नाही. तिच्या दंडावर पांढरे पीस फुटले.

"अर्धेच उत्तर," मांत्रिक हसला.

राणी उसळली. "पुरं सांगते, ऐक! क्ष तीन नसेल, तरच. तीन झाला तर मूळचा छेद शून्य होतो. काटला म्हणून तो कधी नव्हताच, असं म्हणणार नाही मी!"

पीस गळाले, दार उघडले. मांत्रिक खवळला. "मग माझ्या आज्ञेने क्ष तीनच होवो!"

झाला. छेद शून्य झाला. शून्याने भागायला कोणाचीच विद्या पुरत नाही. पायांखालचा उंबरा नाहीसा झाला, आणि मांत्रिकही.

मैनेची शलाका झाली, आईच्या गळ्यात पडली. अंगणातले बगळे पुन्हा पंडित झाले.

"शास्त्रीबुवा," राणी कडाडली, "आजपासून या राज्यात आधी अवयव, मग काटाकाट. कबूल?"

राजपंडितांनी नुसतीच मान डोलावली. तोंड उघडण्याची सोय नव्हती. आत बेडूक होता.