पिटुकली आणि आजोबांची तवकीर

पिटुकली उंदरीने एकदा बाप्पापाशी नवस केला होता. "बाप्पा, आजोबांच्या पोटात काहीतरी जाऊ दे. तोवर मीही काही खाणार नाही."

आजोबा फार थकले होते. पाणी प्यायले की ठॉक ठॉक! दूध प्यायले की ठॉक ठॉक! सारखा ठसका.

वैद्य बेडूकबुवा म्हणाले, "पातळ नको. दुधात चमचाभर तवकीर शिजवा. दाट घोट हळूच उतरतो."

पण हाय! पिटुकलीच्या हातून डबा निसटला. फस्स! सगळी तवकीर मोरीत वाहून गेली. बाहेर आभाळ भरलेलं. चुलीत निखारे विझत आलेले. आजोबा भिंतीकडे तोंड करून निजलेले.

पिटुकली निघाली. टुणुक टुणुक. परसात तवकिरीचा कंद होता.

"कंददादा, कंददादा, तवकीर दे ना!"

"अगं, ती माझ्या पोटात आहे. किसणी किसेल, तर देईन. नाहीतर नाही!"

टुणुक टुणुक.

"किसणीताई, किसणीताई, कंद किस ना!
कंद तवकीर देईना,
दूध दाट होईना,
आजोबांना घोट जाईना!"

"शी! केवढी काळी पडलेय मी. चिंच घासेल, तर किसेन. नाहीतर नाही!"

टुणुक टुणुक.

"चिंचमावशी, चिंचमावशी, किसणी घास ना!
किसणी कंद किसेना,
कंद तवकीर देईना,
दूध दाट होईना,
आजोबांना घोट जाईना!"

"मी बसलेय उंच फांदीवर. या वयात उड्या मारू की काय? खार पाडेल, तर घाशीन. नाहीतर नाही!"

टुणुक... टुणुक... पाय दुखले. अंधारून आलं.

"खारूताई, खारूताई, चिंच पाड ना!
चिंच किसणी घासेना,
किसणी कंद किसेना,
कंद तवकीर देईना,
दूध दाट होईना,
आजोबांना घोट जाईना!"

"मी उठले तर माझी पिल्लं गारठतील. त्यांना कुणी ऊब देईल, तर पाडीन. नाहीतर नाही!"

पिटुकली घरट्यात शिरली. शेपटी पिल्लांभोवती गुंडाळली. एवढीशी शेपटी, ती कुठे पुरणार? मग सगळ्यांना पोटाशीच घेतलं.

खार पळाली, सुळकन!
खारीने चिंच पाडली, टप!
चिंचेने किसणी घासली, घस घस!
किसणीने कंद किसला, खर खर!
खार परतली, तशी पिटुकली घरी धावली. तिने कीस पाण्यात धुतला, गाळला. तळाशी पांढरी तवकीर बसली!

पिटुकलीने निखारे फुंकले, दूध उकळलं आणि घाईघाईने थोडी तवकीर त्यात टाकली. अरे देवा! गुठळ्याच गुठळ्या!

आजोबांनी मान वळवली. "पिटू, मला काय गोट्या खेळायच्यात? आधी गार दुधात कालव बाळा. मग शिजव."

उरलेली तवकीर तिने गार दुधात कालवली. मग चुलीवर ढवळत राहिली. रट रट, रट रट. दूध दाट झालं. तिने फुंकर घातली. फू!

एक घोट. पिटुकलीने श्वास रोखला.

ठसका नाही!

आजोबा म्हणाले, "आणखी दे."

"देते. पण सावकाश हं!" घोट उतरला, की मगच ती दुसरा देई. वाटी संपली, नवस फिटला, तेव्हा कुठे तिने स्वतः घास खाल्ला.

बाळांनो, तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर तुम्हीही असंच जवळ बसा. मुळीच घाई करू नका. बसाल ना?