जुन्या पोळ्यातला मध

फार फार वर्षांपूर्वी एका जांभळीवर मोजक्याच मधमाश्यांचं पोळं होतं. ते जुनं होऊन ठिसूळ झालं, तेव्हा त्यांनी शेजारीच नवं बांधलं.

"जुनं आत्ताच मोडूया!" त्यांच्यातली भिंगरी म्हणाली.

"थांब गं," रुणी म्हणाली. "त्यात पिल्लांचा हिवाळ्याचा मध आहे. आधी एकाच कप्प्यातला मध हलवून बघू."

तो मध नव्या कप्प्यातून ओघळला. पण बाकीचा जुन्या पोळ्यात शाबूत होता. सगळ्यांनी मिळून नव्या कप्प्यांचा उतार सुधारला आणि मग एकमेकींना विचारत एकेका कप्प्यातला मध हलवला.

हिवाळ्यात एकही पिल्लू उपाशी राहिलं नाही. शेजारच्या झाडावरच्या मोठ्या पोळ्यातली माशी नवलाने म्हणाली, "एवढ्याशा तुम्ही! जमलं कसं?"

रुणीचे पंख अभिमानाने थरारले. "एवढ्याशाच आहोत, म्हणून एकमेकींना विचारून केलं."