रखमाजी तांबटाची चौथी ओळ

फार वर्षं झाली. तुमच्या आज्याच्या आज्याला मिसरूड फुटत होतं, तेव्हाचं हे. मध्ये बोलू नका, मला विसरायला होतं.

खडकोळच्या जत्रेत एक फिरता बाजावाला आला. मेणाच्या नळीवर तो माणसाचा आवाज धरायचा. इथंच तापानं पडला, तर भिवराबाईनं पेज पाजून त्याला उठवला. जाताना त्यानं तिच्या लेकीची, तानीची एक ओवी नळीवर धरली, अन् नळी वाजवायचा जुना बाजा, फोनो, तोही तिलाच दिला. पुढल्या साली गाठीचा ताप आला आणि तानी गेली. आईपाशी उरली ती नळी. महिन्याभरात फोनोच्या सुईचं टोक मोडलं, आणि तीही मुकी झाली.

गावात रखमाजी तांबट होता. भांडी घडवायचा, पण घड्याळ म्हणा, तबकडीचा बाजा म्हणा, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. मोडका भाग दातांत धरून तो दुखणं ओळखायचा, असं म्हणतात. त्या टोकासाठी त्यानं सात बाजार पालथे घातले. सात वहाणा झिजल्या, असं म्हणतात. मेणाला लागतं तसं गुळगुळीत टोक कुठं मिळालं नाही. शेवटी भंगारातली तबकडीची पोलादी सुई घासून त्यानं बसवली. तांबटाचा हात तो, त्याचा पोलादावर विश्वास. तबकडी कडक असते अन् मेण मऊ, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

आणि त्याचा नेम होता, तीनदा वाजवल्याशिवाय वस्तू परत द्यायची नाही. पहिल्यांदा पोरगी स्वच्छ गायली. दुसऱ्यांदा आवाज बारीक झाला. तिसऱ्यांदा नुसती खरखर, आणि सुईखाली मेणाचा भुगा. आपल्याच हातानं पोरीला दुसऱ्यांदा मारलं की हो त्यानं.

तो फोनो घेऊन भिवराबाईच्या दारात गेला आणि सगळं खरं सांगितलं. ती भुग्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही ऐकलंत ना? मग म्हणा."

घोगऱ्या गळ्यानं तो म्हणाला,

जात्याच्या भोवताली पीठ सांडे भुरभुर,
माय माझी उभी दारी, नजर लागली दूर,
जाईन मी परघरी, नको आणू डोळां पाणी...

आणि अडला. त्याचा कान यंत्राच्या घरघरीवर होता, गाण्यावर नव्हता. चौथी ओळ त्याला आठवेना.

त्यानंतर दर सोमवारी तो तिच्या ओट्यावर बसून तीन ओळी म्हणायचा. बाई ऐकायची, पण चौथी सांगायची नाही. ती अंथरुणाला खिळली तेव्हा त्यानं हात जोडले, "चौथी तेवढी सांगा, बाई. तुमच्यामागं मी म्हणेन."

ती म्हणाली, "रखमाजीदादा, तेवढी माझ्यापाशी राहू द्या."

पुढं रखमाजीही गेला. त्या फोनोच्या कर्ण्याला कान लावला तर आत पोर गुणगुणते, असं म्हणतात. मी लावून पाहिलाय. मला काही ऐकू आलं नाही, पण रडू आलं.

आमच्याकडे अजून रेडिओ, मोबाइल दुरुस्तीला दिला की कारागीर आधी विचारतो, "यात कुणाचा आवाज आहे का?" आणि जत्रेच्या दिवशी बायका रखमाजीच्या नावानं एक जातं मांडतात. तीन ओळी म्हणतात. चौथीला हात थांबवतात, जातं उभं राहतं, आणि सारा गाव तेवढा वेळ गप्प बसतो.